पाव हिश्शाचं नातं

“रक्ताची नळी बदललीय. दुसरं काय असणार?” असं म्हणत झानात एर्मेकोविच मार्जानच्या टेबलावर टेकले. विभागप्रमुखांना खुर्चीचं वावडं होतं. कसलीही वाईट बातमी ते अशीच दुसऱ्याच्या टेबलावर बूड टेकवून सांगत.

“नळी बदलली असती तर या दोघी एकमेकींच्या कोणीच लागल्या नसत्या,” मार्जान म्हणाली. “इथं नातं दिसतंय. कमी दिसतंय, एवढंच.”

“सख्ख्या बहिणींचं साधारण निम्मं जुळायला हवं. इथं किती जुळतंय?”

“पाव.”

“मग?”

मार्जानने पडद्याकडे बोट केलं. पडद्यावर सगळ्या ओळी हिरव्या होत्या आणि मधली एकच लाल. अल्माटीच्या या कर्करोग संशोधन संस्थेत तिची उमर अशा ओळी वाचण्यात गेली होती. गाठींमधून आणि रक्तातून निघालेली जनुकांची माहिती यंत्रं तिच्याकडे पाठवत, आणि त्या अक्षरांच्या ढिगातून नेमकं कुठं बिघडलंय ते ती संगणकावर शोधून काढी. इमारतीतल्या शेजाऱ्यांना एवढंच कळलं होतं, की ही बाई संगणकाचं काहीतरी करते. त्यामुळे प्रिंटर अडकला की तिला हाक यायची. रोगी तिने कधी पाहिलाच नव्हता. तिला माहीत असत ते त्यांचे क्रमांक.

पण या दोन क्रमांकांची नावं तिला आता पाठ झाली होती. थोरली नुरझिया गेल्या वसंतात पोटाच्या कर्करोगाने गेली. तिच्या गाठीचा तुकडा आणि रक्त संस्थेत राहिलं होतं, आणि त्यात जन्मापासूनचा, घराण्यातून उतरलेला दोष सापडला होता. मग संस्थेची गाडी क्झिलऑर्दाकडे त्यांच्या गावी गेली आणि भेटेल त्या गणगोताचं रक्त घेऊन आली. धाकटी बहीण पेरिजात हिच्या नळीत तोच दोष निघाला. हा दोष मोठा कपटी असतो. कर्करोग जठराच्या अस्तरात लपून पसरतो, दुर्बिणीलाही दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा वेळ गेलेली असते. म्हणून डॉक्टर सांगतात, धडधाकट आहात तोवर जठर पुरतं काढून टाका. पेरिजात शाळेत गाणं शिकवायची. तिने तीन वेळा नाही म्हटलं, चौथ्यांदा हो म्हटलं आणि आगगाडीत बसून आली. आवारापलीकडच्या रुग्णालयात ती दाखल झाली होती. उद्या सकाळी शस्त्रक्रिया होती.

आणि आज, शेवटचा अहवाल पाठवण्याआधी, मार्जानने सवयीप्रमाणे दोघी बहिणींचं नातं जुळतं का ते तपासलं होतं.

“त्या दिवशी गावात अर्धं खानदान रांगेत उभं होतं,” झानात एर्मेकोविच म्हणाले. “मावश्या, भाच्या, चुलत बहिणी. भाचीची नळी पेरिजातच्या नावावर चढली असेल. भाचीचं मावशीशी, आत्याशी नातं पावच येतं, हो की नाही?”

“येतं. पण रक्तगट जुळतोय. या नमुन्यातून एबी निगेटिव्ह निघतोय, आणि वॉर्डात काल तिचा तोच मोजलाय. आपल्यात तो किती दुर्मिळ आहे तुम्हाला माहितीये.”

“एकाच घरात दोघींचा असू शकतो.”

“असू शकतो,” मार्जानला मान्य करावं लागलं.

“मग ऐक. उद्या त्या पोरीचं जठर काढलं आणि दोष भाचीत निघाला, तर मी काय तोंड दाखवू? माझ्याच्यानं सही होणार नाही. नवीन रक्त घेऊ, पहिल्यापासून तपासू.”

“त्याला आठवडा जाईल. सर्जन उद्या रात्रीच्या विमानानं चाललेत. पुढची तारीख वसंतात.”

“वसंतात तर वसंतात.”

“ती परत येणार नाही, झानात एर्मेकोविच. वॉर्डातल्या नर्सला काल म्हणाली, एकदा गावी गेले तर मला बांधून आणावं लागेल.”

विभागप्रमुख टेबलावरून उठले. त्यांचा चेहरा उतरला होता. माणूस वाईट नव्हता, फक्त घाबरला होता. “गावात रक्त घेण्याच्या कॅम्पमध्ये तिला विचारलं होतं,” ते म्हणाले. “आई एक? एक. बाप एक? एक. सख्खी बहीण? सख्खी. आता याच्यावर मी काय करू? पाच वाजेपर्यंत काही सापडलं तर सांग. नाहीतर मी सर्जनना फोन करतो. आणि तिच्याबरोबर आलेल्या त्या भावाला मी सांगितलंय, की नळीबद्दल शंका आहे म्हणून.”

“भावाला सांगितलंत? इतक्यात?”

“जिन्यात धरलं त्यानं मला. आणि हे बघ, ते कोटाचं बटण एकदा लावून घे. महिनाभर लोंबतंय.”

बटण खरंच लोंबत होतं. मार्जानचा काळा कोट खुंटीवर होता आणि वरचं बटण एका दोऱ्यावर जीव धरून होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा लाल ओळीकडे. पाव. हा आकडा तिने कुठंतरी पाहिला होता, आणि कुठं पाहिला होता हे तिला पुरतं ठाऊक होतं, फक्त तिकडे बघायचं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी यंत्राची चाचणी घ्यायला सगळ्यांनी आपापलं आणि घरच्या एकाचं रक्त दिलं होतं. तिने धाकट्या दादाचं आणलं होतं. तेव्हाही अशीच लाल ओळ आली. कोणी बघायच्या आत तिने ती पुसून टाकली.

कारण तो धाकटा दादा तिचा दादा नव्हता, काका होता. पहिलं नातवंड आजी-आजोबांच्या ओटीत घालायचं, ही त्यांच्याकडची जुनी रीत. मार्जान थोरल्या मुलाची पहिली मुलगी. दूध सुटलं तसं तिला आजीने उचलून आपल्या घरी आणलं, आणि त्या दिवसापासून आजी तिची आई झाली, आजोबा बाप झाले. जन्म देणारे दोघे झाले थोरला दादा आणि जेंगे, म्हणजे वहिनी. जेंगेने वडीलधाऱ्यांसमोर तिला कधी मांडीवर घेतलं नाही, मुका घेतला नाही. तसं करणं म्हणजे सासूच्या तोंडावर मूल परत मागणं. जेंगे सणाला यायची, चहा ओतायची, भांडी घासायची आणि निघताना फक्त एक करायची. बाहेर थंडी आहे म्हणून दारात मार्जानच्या कोटाची बटणं लावायची. खालून वर, एकेक करून, सावकाश. एखादं सैल दिसलं तर तिथंच सुईदोरा काढून शिवायची, आणि असं शिवायची की कापड फाटेल पण बटण निघणार नाही. सात वर्षांच्या मार्जानला कोणी काही सांगितलं नव्हतं. त्या बोटांवरून तिला सगळं कळलं होतं.

पेरिजातही अशीच आजीच्या ओटीत आली असेल, तर ती खोटं बोललीच नव्हती. आई एक, बाप एक. त्यांच्या लोकांतलं कोणीही हेच उत्तर दिलं असतं, शपथेवर दिलं असतं. ते यंत्राला पटत नव्हतं, एवढंच.

पण हा मार्जानचा अंदाज होता, आणि अंदाजावर कोणाचं पोट कापता येत नाही. पेरिजातला विचारायचं तर शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, आणि तिला माहीत नसेल तर? उरला तो भाऊ.

त्याला शोधायला जावं लागलं नाही. दार वाजलं आणि एक रापलेला, रुंद खांद्यांचा माणूस टोपी हातात धरून आत आला. दुसऱ्या हातात बाउरसाकांची, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची पिशवी होती. तो अमानताय होता. रेल्वेच्या रुळांवर काम करायचा. नुरझियाच्या पाठचा, पेरिजातहून वीसेक वर्षांनी मोठा.

“मार्जान तुम्हीच ना? ते साहेब म्हणाले, यंत्रावर तुम्ही बसता.” त्याने पिशवी टेबलावर ठेवली. “घरचे आहेत. बायकोनं तळून दिलेत. घ्या, घ्या.”

“बसा, अगा,” मार्जान म्हणाली. थोरल्या भावाला म्हणायचा हा शब्द तिच्या तोंडून सहज गेला.

“बसत नाही. एकच विचारतो. चूक झालीय ना?” तो हसत होता, आणि ते हसू बघवत नव्हतं. “झाली असेल तर आम्ही काही म्हणणार नाही हां. तक्रार नाही, भांडण नाही. माणसाच्या हातून चूक होते. रुळाचा एक खिळा माझ्याहीकडून राहतो कधीतरी. तुम्ही फक्त सांगा, ती नळी तिची नव्हती. मी तिला आज रात्रीच्या गाडीनं घेऊन जातो.”

“अगा, बसा.”

तो खुर्चीच्या कडेवर बसला. मार्जानने किटलीतून चहा ओतला, दूध घातलं आणि पेला त्याच्यापुढे सरकवला. सगळ्या नोकरीत ती कधी रोग्याच्या नातेवाइकाशी बोलली नव्हती. अशा वेळी काय बोलतात, कुठून सुरुवात करतात, याची तिला काही कल्पना नव्हती.

“यंत्र म्हणतं, पेरिजात आणि नुरझिया सख्ख्या बहिणी नाहीत,” ती म्हणाली. “आत्या-भाचीचं जेवढं असतं तेवढं त्यांचं नातं आहे.”

“म्हणजे नळी चुकलीच!”

“मलाही माझ्या आजीनं वाढवलंय, अगा.”

अमानतायने पेला उचलला होता, तो तसाच परत ठेवला. बाहेर आवारात कोणीतरी फावड्याने बर्फ ओढत होतं, त्याचा खरखर आवाज येत राहिला.

“माझी आई तालगारला असते,” मार्जान म्हणाली. “मी तिला जेंगे म्हणते. आजवर दुसरं काही म्हटलं नाही. मी तुम्हाला विचारते ते एवढ्यासाठी, की मला ते समजतं. आणि हे या खोलीबाहेर जाणार नाही.”

“काय विचारताय तुम्ही?”

“पेरिजात कोणाची?”

तो उठला. दारापर्यंत गेला. मार्जानला वाटलं, गेला हा. आणि गेला असता तरी तिने त्याला बोल लावला नसता. त्याने नुसतं म्हणायचं होतं, की आमच्या आईची. मग नळी चुकीची ठरली असती, उद्याचं सगळं रद्द झालं असतं, आणि तो तिला सगळ्या अवयवांसकट घरी घेऊन गेला असता. एक वर्ष, दोन वर्षं, कदाचित पाच वर्षं त्याला तिचं गाणं ऐकायला मिळालं असतं. मार्जानला हे त्याच्या पाठीवरून दिसत होतं. तोही तेच मोजत होता.

“मी हो म्हटलं तर नळी तिचीच?” त्याने दाराकडे तोंड करूनच विचारलं.

“तर मग शंका घ्यायला काही कारण उरत नाही.”

“आणि नाही म्हटलं तर ती घरी येईल.”

“येईल. पण तो दोष असेल तर तिच्यासोबत तोही येईल, अगा. तुम्ही नुरझियाताईंना शेवटी पाहिलंय.”

मग वळला, खुर्चीपर्यंत आला आणि मार्जानकडे न बघता म्हणाला, “माझी मुलगी आहे ती.”

ते बोलल्यावर त्याने तोंडावर हात दाबला. शब्द परत आत ढकलायचे असावेत तसा दाबला.

“आईला शब्द दिला होता,” तो हातामागून बोलला. “आईनं सांगितलं होतं, मी मेल्यावरसुद्धा तू तिचा भाऊच. आई जाऊन आठ वर्षं झाली. मी घरात कधी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. ती जन्मली तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. आईनं उचलली तेव्हा बायको रडली, तर मी तिलाच ओरडलो. म्हटलं, आईची मांडी रिकामी आहे, आपल्याला होतील अजून. झाली की अजून दोन.” मग तो एकदम थांबला. रूळ बघणाऱ्या माणसाची नजर असते तशी नजर त्याने मार्जानवर लावली. “थांबा. नुरझियाला होतं. पेरिजातला आहे. आणि पेरिजात माझी.”

मार्जानला वाटत होतं, हे त्याच्या आज लक्षात येऊ नये. उद्या यावं, परवा यावं, दुसऱ्या कोणीतरी सांगावं.

“म्हणजे ते माझ्याकडून गेलं तिच्यात,” अमानताय म्हणाला.

“हो.”

“मला तर काही होत नाही. मी दगड पचवतो.”

“असं होतं कधी कधी. पण कॅम्पमध्ये तुमचं रक्त राहिलं होतं, ते घ्यावं लागेल. तुमच्या दोन्ही मुलांचंही.”

त्याने मान हलवली. परत हलवली. मग टेबलावरची पिशवी उघडली, एक बाउरसाक काढून मार्जानच्या हातात दिला आणि म्हणाला, “खा. गार झालेत, पण खा.” मार्जानने खाल्ला.

“तिला सांगणार तुम्ही?” त्याने विचारलं.

“मी नाही. अहवालात एवढंच जाईल, की नमुना तिचाच आहे. नात्याबद्दल एक अक्षर नाही.”

“तिला माहीत नाहीये.”

अशा मुलांना माहीत असतं, हे त्याला सांगायची ती वेळ नव्हती.

पाचच्या आधी ती विभागप्रमुखांच्या खोलीत गेली. झानात एर्मेकोविच फोन हातात घेऊनच बसले होते, आणि या खेपेला खुर्चीवर बसले होते.

“नळी बरोबर आहे,” ती म्हणाली. “नातं पावच आहे. खरं आहे ते.”

त्यांनी तिच्याकडे नुसतं बघितलं. शहरात, रशियन शाळेत वाढलेला माणूस, पण आजी त्यांनाही होती. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

“भाऊ?” त्यांनी हलकेच विचारलं.

“माझ्याकडून नाही कळायचं ते तुम्हाला.”

“बरं,” ते म्हणाले. “बरं, बरं.” आणि फोन खाली ठेवून त्यांनी सही केली.

मार्जानला त्या रात्री झोप लागली नाही. तिच्या एका शब्दाने उद्या कोणीतरी जन्मभरासाठी चमचा-चमचा खाणार होतं. तिचं चुकलं नव्हतं. पण आपलं चुकलेलं नाही, एवढ्याने माणसाचा डोळा लागत नाही.

सकाळी ती कामावर न जाता आवार ओलांडून रुग्णालयात गेली. का गेली हे तिला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. शस्त्रक्रियेच्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये अमानताय भिंतीला टेकून उभा होता. तेवढ्यात पेरिजातला ढकलगाडीवरून आणलं. मार्जानने तिला पहिल्यांदाच पाहिलं. केस टोपीत कोंबलेले, ओठ फिकट, आणि हुबेहूब अमानतायच्या भिवया.

“अगा, तोंड असं करून उभा राहू नकोस,” पेरिजात म्हणाली. “लोकांना वाटेल तुझंच काढताहेत.”

“गप पड,” अमानताय म्हणाला.

“जेंगेला फोन करून सांग. शुद्धीवर आले की मला तिच्याच हातचं पातळ सूप पाहिजे. दुसऱ्या कोणाचं चालणार नाही. तिलाच यायला सांग.”

“तुझी जेंगे कधी एकटी आगगाडीत बसलीय का?”

“यावेळी बसेल,” पेरिजात म्हणाली. “तू सांग तर खरं.”

अमानताय तिच्याकडे बघत राहिला. ती छताकडे बघत होती. नर्सने ढकलगाडी थांबवली आणि तिचा कोट, टोपी, बूट असं सगळं त्याच्या हातात दिलं.

“तुम्ही पेशंटचे कोण?” तिने विचारलं.

पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला मार्जान कान देऊन उभी होती. अमानतायने तो कोट छातीशी धरला.

“भाऊ,” तो म्हणाला. “मोठा भाऊ.”

दारं मिटली. तो बाकावर बसला. बूट त्याने पायाशी नीट जोडून ठेवले. कोट मांडीवर घेतला, सरळ केला, आणि त्याची बटणं लावायला लागला. रुळांवर काम करणारी जाड बोटं होती, बटणं लहान होती, त्यामुळे वेळ लागत होता. खालून वर, एकेक करून, त्याने तो रिकामा कोट गळ्यापर्यंत बंद केला आणि दोन्ही हातांनी धरून बसला.

मार्जान जिन्यात आली. फोन काढला. त्यात नाव जेंगे असंच होतं.

“मार्जान? इतक्या सकाळी? काय झालं गं?” पलीकडून घाबरा आवाज आला.

बोलायचं खूप होतं. मार्जानला एवढंच जमलं.

“काही नाही, जेंगे. कोटाचं बटण तुटायला आलंय.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा, मग खण उघडल्याचा आवाज आला.

“काळा दोरा आहे माझ्याकडे,” जेंगे म्हणाली. “रविवारी ये.”